लाजाळू मिटेना

"लिहा, मेव्हणे," दाजी म्हणाले. "'ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, ज्याचं नाव ऐकताच गुन्हेगाराच्या पायाखालची जमीन सरकते, आणि ज्यानं एकतीस वर्षांत एकदाही चुकीचं रीडिंग घेतलं नाही, असा हा थोर सत्यशोधक...' पुढे काय शोभेल?"

"पूर्णविराम," मी म्हणालो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकतीस वर्षं ते विजेचे मीटर वाचत हिंडले. लोकांच्या जिन्याखाली टॉर्च मारता मारता आपल्याला माणसंही वाचता येतात असा त्यांचा समज झाला, आणि निवृत्तीनंतर तो समज घरात मावेनासा झाला. नजरेचं म्हणाल तर चष्मा कपाळावर ठेवून ते तो घरभर शोधतात. त्यांच्यासमोर आजवर एकाच व्यक्तीनं कबुली दिली आहे, ती माझ्या ताईनं, डब्यातलं शेवटचं बिस्किट खाल्ल्याची. तीसुद्धा चौथ्यांदा विचारल्यावर, हातात लाटणं घेऊन. मला टायपिंग येतं, एवढ्या एका अपराधापायी मी त्यांचा सहायक आहे.

हे थोर वर्णन मी लिहून घेत होतो ते दातांच्या दवाखान्यात, बाकावर बसून. दाजींची दाढ तीन आठवडे ठणकत होती. याआधी दोनदा ते दवाखान्याच्या पायऱ्या मोजून घरी परतले होते, म्हणून ताईनं या वेळी मला पहारेकरी म्हणून धाडलं होतं. आमच्या शेजारी गाल सुजलेली एक सहा-सात वर्षांची मुलगी आजीचा पदर घट्ट धरून बसली होती. दाजी आणि ती एकमेकांकडे समदुःखी नजरेनं बघत होते.

तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

"रोप मेलं असतं ना सिस्टर, तर मी एक शब्द बोलले नसते. पण दुसरं आणून ठेवायचं आणि वर तेच आहे म्हणायचं, हे मला चालणार नाही. आज संध्याकाळपर्यंत खरं सांगा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

दाजींचा गालावरचा हात खाली आला. दाढ तत्क्षणी बरी झाली. "केस!" ते पुटपुटले, आणि मी शर्ट धरायच्या आत दार ढकलून आत गेले.

आतली हकिगत अशी होती. पेशंटच्या खुर्चीशेजारी, हत्यारांच्या ट्रेला लागूनच, एका स्टुलावर लाजाळूची कुंडी असे. डॉक्टरीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, वडलांनी ती बी लावून वाढवलेली. वडील गेले, लाजाळू राहिली, आणि दवाखान्यात कामाला लागली. मूल रडायला लागलं की मॅडम म्हणायच्या, लाव तिला बोट. बोट लागलं की ती मिटायची. "बघ, तीही घाबरते. पण आता हळूहळू उघडेल. तिच्याबरोबर तूही तोंड उघड." आणि मुलं उघडायची! शहरातली कितीतरी कार्टी त्या कुंडीच्या भरवशावर दाढा भरून गेली. नियम एकच होता: उपचाराला बसलेल्या मुलांखेरीज तिला कुणी हात लावायचा नाही.

मग दवाखान्याला रंग द्यायचं निघालं. रंगाच्या वासात रोप नको, म्हणून बारा वर्षं तिथे काम करणाऱ्या सिस्टर कुंडी पंधरा दिवस आपल्या घरी घेऊन गेल्या. सोमवारी परत आणली. आज बुधवार. तीन दिवसांत पोरांनी बोटं लावून लावून दमवलं, तरी लाजाळू ढिम्म. एकाही मुलानं तोंड उघडलं नव्हतं. वडलांचं झाड मेलं आणि सिस्टरनी कुठलंतरी दुसरं आणून ठेवलं, असं मॅडमच्या मनानं घेतलं होतं. आणि सिस्टर? "तेच आहे, मॅडम," एवढंच म्हणत, खाली मान घालून कापसाचे बोळे वळत उभ्या होत्या.

"तुमचा नंबर नाही आला अजून," मॅडम दाजींना म्हणाल्या.

"माझा नंबर नियतीनं लावलाय," दाजी म्हणाले. मॅडमना नियती म्हणजे बाहेर चिठ्ठ्या देणारी मुलगी वाटली असावी, कारण त्यांनी दाराकडे रागानं पाहिलं.

दाजींनी भिंग काढलं. मॅडमच्या मोबाइलमध्ये कुंडीचा जुना फोटो होता. तो बघत त्यांनी एकेक फांदी मोजली. "फोटोत नऊ, इथे अकरा! तोतया!"

"दाजी, झाडं वाढतात."

"तो तुमचा सिद्धांत झाला, मेव्हणे. पुरावा माझ्याकडे आहे." मग थोडा विचार करून त्यांनी स्वतःच तो पुरावा खिशात घातला, कारण त्यांना आणखी मोठा सापडला होता. त्यांची नजर इंजेक्शनच्या ट्रेवर गेली होती. "बधिर केलंय! दातांचा दवाखाना, सुई हाताशी, आणि मुकं सावज!"

यावर मॅडम चक्क थबकल्या. "कॉलेजात आम्ही करून बघितलं होतं. ईथरची वाफ दिली की लाजाळू खरंच मिटायची थांबते. पण थोड्या वेळात शुद्धीवर येते. तीन दिवस नाही राहत तशी."

"म्हणजे माझं निम्मं बरोबर!" दाजींची छाती फुगली. निम्मं बरोबर येणं त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडत होतं.

तिसरा सिद्धांत मानसशास्त्रीय होता. दाजी कुंडीसमोर उकिडवे बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. सिस्टरच्या घरी तू काहीतरी पाहिलंस. हो असेल तर एकदा मीट, नाही असेल तर दोनदा." बोट लावलं. लाजाळू हलली नाही. "मौन! तिला धमकावलंय."

"अहो, तिला मेंदू नाही," मॅडम कावून म्हणाल्या. "ना मेंदू, ना मज्जातंतू. ती काय पाहणार, काय लक्षात ठेवणार आणि काय लपवणार?"

"मेंदू नसताना माणसं काय काय करतात हे तुम्ही आमच्या घरी येऊन बघा," मी म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दाजींनी आता शेवटचं पाऊल उचललं. सावजाच्या नजरेतून घटनास्थळ पाहायचं म्हणून ते कुंडीशेजारच्या खुर्चीत आडवे झाले. ज्या खुर्चीत बसायला ते तीन आठवडे घाबरत होते, तिच्यात ते राजासारखे पसरले, पाय लांब केले आणि छताकडे बघत निकाल दिला. "सिस्टर, खेळ संपला. झाड मेलं. तुम्ही दुसरं विकत आणलं. कबूल करा, म्हणजे मॅडम दया दाखवतील."

सिस्टरच्या हातातला बोळा खाली पडला. मला दाजींचा राग आला. आजवर त्यांच्या केसेसमध्ये फार तर बिस्किटं गेली होती, इथे एका बाईची नोकरी जात होती, आणि हा माणूस वर बघत हसत होता.

"दाजी, उठा," मी म्हणालो.

पण त्याआधीच दार धाडकन उघडलं. खांद्याला पिशवी लावलेल्या, साठीच्या पुढच्या एक बाई आत आल्या. घाम पुसला, सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेला खोटारडी कोण म्हणतंय?"

"आई, तुम्ही कशाला आलात?" सिस्टर कळवळून म्हणाल्या.

"तीन दिवस घास गिळत नाहीयेस. आज सकाळी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोललीस. घरात रडायचं आणि इथे गप्प बसायचं, हा कुठला न्याय? तू सांगणार नसशील तर मी सांगते." सासूबाई मॅडमकडे वळल्या. "झाडाला हात लावू नका म्हणून हिनं बजावलं होतं. पण आमच्या ह्यांनी लावला. एकदा नाही, पंधरा दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत."

मग त्यांनी सांगितलं. सिस्टरच्या सासऱ्यांचा उजवा हात आजारपणात लुळा पडला होता. डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितलेला, पण ते कुणाचं ऐकत नव्हते. दिवसभर खिडकीशी बसून भिंतीशी भांडायचे. लाजाळू त्याच खिडकीत ठेवली गेली. त्यांनी चाळा म्हणून एक बोट लावलं, ती मिटली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ते हसले. मग त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही.

"पहिल्या दिवशी बोट लागलं की मिटायची. दुसऱ्या दिवशी जरा आळसानं मिटायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ह्यांच्या बोटाला तिनं विचारणंच सोडलं. कळलं असेल तिला, हा म्हातारा काही खात नाही, तोडत नाही, नुसता बोटं फिरवतो. दर वेळी कशाला मिटायचं? कोडगी झाली. हे मात्र थांबले नाहीत. आता सदऱ्याची बटणं स्वतः लावतात." त्या सुनेकडे वळल्या. "हिला वाटलं, आपल्या सासऱ्यांनी झाड बिघडवलं. त्यांचं नाव पुढे येऊ नये म्हणून ही गप्प."

"पण आजी," मॅडम म्हणाल्या, "इकडे आणूनही तीन दिवस झाले. मेंदू नसताना इतके दिवस लक्षात कसं राहील?"

"ते तुम्ही शिकलेल्यांनी शोधा. मी एवढंच विचारते, दुकानातून नवीन आणलं असतं, तर पहिल्याच बोटाला मिटलं नसतं का? ही मिटत नाही, म्हणजेच ही आमच्या घरी राहून आलेली आहे."

इतका सरळ युक्तिवाद दाजींच्या आयुष्यात प्रथमच आल्यामुळे त्यांना तो सोसला नाही. "हरकत आहे!" म्हणत ते खुर्चीत ताडकन उठू लागले, पाय खालच्या बटणावर पडला, आणि खुर्ची त्यांना घेऊन घूं घूं करत वर निघाली. त्यांनी घाबरून ट्रे धरला, ट्रे कुंडीवर आपटला, कुंडी गदगदा हलली.

लाजाळूनं एका क्षणात पान अन् पान मिटून घेतलं.

"मिटली!" मॅडम ओरडल्या. त्यांनी हातातली सगळी कामं सोडली आणि कुंडीसमोर उभ्या राहिल्या. दाजी वरून "मला उतरवा" म्हणत होते, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी पानं पुन्हा उलगडली. मॅडमनी बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही. मग कुंडीला हलकासा धक्का दिला, आणि सगळी पानं मिटली.

"धक्का नवा आहे, म्हणून घाबरते," त्या हळूच म्हणाल्या. "बोट ओळखीचं झालंय."

एवढ्यात सुजलेल्या गालाची मुलगी दारातून डोकावली. आजीनं तिला आत ढकललं, मी दाजींना खुर्चीतून खाली ओढलं, आणि मुलगी त्यांच्या जागी बसली. पानं उलगडल्यावर तिनं सवयीनं लाजाळूला बोट लावलं. लाजाळू मिटली नाही. मुलीचे ओठ मात्र घट्ट मिटले. मॅडमचं इतक्या वर्षांचं पाठ वाक्य आज उपयोगाचं नव्हतं.

मागून सिस्टर पुढे आल्या. मुलीच्या बोटावर आपलं बोट ठेवून त्यांनी एकेका पानावरून ते फिरवलं.

"ही पण आधी खूप घाबरायची. मग तिला कळलं, हे बोट दुखवत नाही. आता बघ, कशी ऐटीत बसलीय."

मुलीनं बराच वेळ बोट फिरवलं. मग डोळे मिटून तोंड उघडलं.

दाढ भरून मुलगी गेली. सासूबाई "ह्यांची जेवायची वेळ झाली" म्हणत उठल्या. मॅडम सिस्टरजवळ आल्या. "चुकले मी, सिस्टर. तुमच्या घरी काय झालं, हे मी एका शब्दानं विचारलं नाही. नुसते आरोप केले. माफ करा. आणि विसरून जा."

सिस्टर बेसिनपाशी हत्यारं धूत होत्या. पाठ न वळवता म्हणाल्या, "माफ केलं, मॅडम. पण विसरायचं म्हणाल तर ती विसरेल महिन्याभरात. तिला मेंदू नाही. मला थोडा वेळ लागेल."

मॅडमनी मान डोलावली. दुसरा ट्रे उचलला आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहून धुवायला लागल्या.

अशा शांततेत दाजींना गुदमरायला होतं. "अर्थात, या प्रकरणाचा छडा शेवटी मी दिलेल्या धक्क्यामुळेच..." त्यांनी तोंड उघडलं.

मॅडमनी वळून पाहिलं. त्या दवाखान्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एका पेशंटला तोंड मिटायला सांगितलं.