लाहनूकाकाची होडी

"पोहता येतं का?" धरणाच्या काठावर लाहनूकाका गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी हे विचारायचा. 'येतं' म्हटलं की संपलं. "मग दुसरीकडं जा. पोहणारा माणूस होडीत कुणाचं ऐकत नाय."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा धुळ्याकडचा, सिल्वासाजवळ खडोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. रविवारी मुंबई-पुण्याच्या साहेब लोकांना गळ टाकायची हौस यायची आणि त्यांना माशांपाशी न्यायचं काम लाहनूकाका करायचा. मासे कुठे आहेत हे त्याला ठाऊक होतं तेवढं माशांनाही नसेल. पण होडी! अरे देवा, ती होडी होती की चाळण? बसल्याबसल्या हातात डालड्याचा डबा मिळायचा. एका हाताने गळ धरा, दुसऱ्याने पाणी उपसा. मी कुरकुरलो की म्हणायचा, "मासा काय होडी बघून येतो, भाऊ?"

मग एकाने फायबरची बोट आणली. मोटर, गाद्या, वर छत. लाहनूकाकाकडे कुणी फिरकेना. "एवढा हंगाम बघतो, नायतर होडी विकतो," तो मला म्हणाला. नेमके तेव्हाच आमचे पुण्याचे मॅनेजर म्हणाले, "रविवारी मासे पकडायला जायचं. गाइड तुम्ही ठरवा."

मी फायबरवाला ठरवला. साहेबांची पँट भिजली तर माझं काय होईल, एवढाच विचार केला मी. लाहनूकाका काठावर उभा होता. त्याने हाक मारली नाही आणि मी तिकडे बघितलं नाही. दिवसभर मोटर घुरघुरत राहिली, एक मासा लागला नाही. साहेब मात्र खूश. "बोट मस्त होती हं!" मी कपाळावर हात मारून घेतला.

मन खात होतं, म्हणून पुढच्या रविवारी एकटाच गेलो. काकाने एक वल्हं माझ्या हातात दिलं. बरंच आत गेल्यावर थांबवलं. आजूबाजूला मासे उड्या मारत होते. मी गळ काढला तर त्याने माझा हात धरला.

"इथं नाय. खाली माझं घर हाय."

धरण भरलं तेव्हा गावं बुडाली हे मला माहीत होतं. त्यात याचंही असेल, हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही.

"बायको त्याच घरात गेली," तो म्हणाला. मग पाण्यावर वाकून हळूच बोलला, "आलो गं."

परत फिरताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकट्याच्यानं इथवर वल्हवत नाय आता. गिऱ्हाईक असलं की येता येतं."

लाज वाटली हो मला. डोळे भरून आले. "काका, होडी विकू नका. दर रविवारी मी येतो," असं म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.

एक रविवार गेलो. दुसऱ्या रविवारी ओव्हरटाइम लागला, तिसऱ्याला घरी पाहुणे आले. चौथ्याला गेलो तर काठावर फायबरवाला भेटला.

"होडी परवाच विकली त्याने," तो म्हणाला. "मागचे दोन रविवार नुसता बसून होता. मी एक पार्टी पाठवली, तर तीपण घेतली नाही. म्हणे, आज भाऊ येणार हाय."