शेजारणीने दिलेले गुण

आमचे मांडवकर आप्पा नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. आधी त्याच्या हातात आमरसाचा साडेआठशे ग्रॅमचा सीलबंद डबा देतात आणि विचारतात, "ह्यात तुजा काय?"

रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग कारखान्यात मी ऑफिसात कामाला लागले, त्या दिवशी तो डबा माझ्याही हातात आला. आप्पा तिथले सुपरवायझर. मी म्हटलं, "माझं काही नाही, मी आत्ताच आलेय." ते म्हणाले, "मग सांजचा सांग." दिवसभर माझ्या डोक्यात तेवढंच. संध्याकाळी जाऊन सांगितलं, की गाड्यांच्या पावत्या मी आल्या क्रमाने लावल्या नाहीत, आंबा किती पिकलाय त्या क्रमाने लावल्या, म्हणून जास्त पिकलेला माल आधी आत गेला. आप्पांनी डबा परत घेतला, बाहीने पुसला आणि म्हणाले, "हाय तर. आता नाव सांग."

या प्रश्नातून कुणी सुटलेलं नाही. वॉचमन सुटला नाही, बॉयलर बघायला आलेले साहेब सुटले नाहीत. गणपतीपुळ्याला जाताना रस्ता चुकून आवारात शिरलेल्या एका कुटुंबालाही आप्पांनी तेच विचारलं. बिचाऱ्यांनी घाबरून दोन डझन डबे विकत घेतले. आप्पांच्या मते ते उत्तर बरोबर होतं.

दुसरी खोड फेरीची. आवारात जांभ्या दगडाची विहीर आहे. आंबा कापणाऱ्या बेचाळीस बायकांपैकी रोज पाच-सहा जणींना आप्पा एकेक करून विहिरीभोवती फिरवून आणतात. एका फेरीत दोन चांगल्या गोष्टी आणि एक सुधारायची. "बसून बोलला की माणूस भांडतो. चालताना ऐकतो," हे त्यांचं शास्त्र. चूक मोठी असली तर फेऱ्या दोन. एकदा एकीच्या पाच झाल्या आणि आम्ही सगळ्यांनी कामं टाकून खिडक्या धरल्या. नंतर कळलं, की आप्पांचं बोलणं दुसऱ्याच फेरीत संपलं होतं. पुढच्या तीन फेऱ्या ती नणंदेबद्दल सांगत होती आणि आप्पांना तिला थांबवता येईना.

असं सुखात चाललं असताना मुंबईच्या एका कंपनीने कारखाना विकत घेतला. त्यांनी दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत आपलं उद्दिष्ट लावलं: "एकही डबा परत येणार नाही." आप्पांनी ते दोनदा वाचलं आणि खूश झाले. मग कर्मचाऱ्यांचं बघणाऱ्या पल्लवी मॅडमचा मेल आला. प्रत्येकीने स्वतःच्या कामाला पाचपैकी गुण द्यायचे, आपल्या उणिवा लिहायच्या. तिनापेक्षा कमी गुण असतील तिला पुढच्या हंगामात बोलावणार नाहीत. ही शेवटची ओळ मेलच्या अगदी तळाशी होती आणि मी ती वाचलीच नाही. माझीच चूक, कबूल करते.

आता आमच्याकडे आपल्या तोंडाने आपली तारीफ करणं म्हणजे भर बाजारात नाचण्यासारखं. बायकांनी फॉर्म घेतले, पदराआड हसल्या आणि प्रत्येकीने स्वतःला दोन गुण दिले. ज्यांना दोनही जास्त वाटले त्यांनी एक दिला. उणिवांच्या रकान्यात तर कमाल होती. "भाकरी जाड होते असे सासूबाई म्हणतात." "मला राग लवकर येतो, पण घरीच." एकीने नुसतं "सगळ्याच" असं लिहून खाली सही केली होती. मी हसत हसत सगळे स्कॅन करून पाठवून दिले.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज गोड, पण मजकूर कडू. "तुमच्या लाईनवर तिनाच्या वर कुणीच नाहीये. त्यांनी स्वतःच लिहून दिलंय. आम्ही लोट्याच्या एमआयडीसीत माणसं पुरवणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरशी बोलतोय, पुढच्या सीझनला नवीन टीम घेऊ. आणि त्या सुगंधा रहाटे तर तासाला क्रेट काढण्यात सगळ्यांत शेवटी आहेत."

बेचाळीस घरांत हंगामाचा आंबा म्हणजे पोरांची फी, घराची कौलं, कुणाचं औषध. मी तशीच आप्पांकडे गेले आणि रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, हे आता मला विहिरीभोवती दहा फेऱ्या मारायला लावणार. पण ते म्हणाले, "रडू नको गो बाय. प्रश्न बरोबर हाय. विचारला चुकीच्या माणसाला." मग म्हणाले, "कोरे फॉर्म काढ बेचाळीस. वरचा 'स्वतःचे' खोड नि तिथं 'शेजारणीचे' लिही."

मला धडकीच भरली. आम्ही कोकणातली माणसं स्वतःला दोन गुण देतो ते विनयाने, पण शेजाऱ्याला दोन दिले तर ते मनापासून दिलेले असतात. शेजारणीच्या हातात पेन दिलं तर लाईन तिथल्या तिथे बंद पडेल असं मी म्हटलंसुद्धा. आप्पा म्हणाले, "चार म्हैने खांद्याला खांदा लावून कापतात. ह्यांच्याइतका कोणाला म्हायती?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास कारखान्यात परीक्षेसारखी शांतता होती. फॉर्म गोळा झाले आणि मी वाचायला बसले.

"बडबड फार. पण हिच्या बडबडीमुळे दुपारी डुलकी येत नाही. पाच." "भांडकुदळ आहे. स्वतःची सुरी धार लावते तेव्हा आमच्याही चार लावून देते. साडेचार." "काम एक नंबर. अर्धा गुण कापला कारण माझी छत्री नेली ती अजून दिलेली नाही." आणि सुगंधाकाकींबद्दल त्यांच्या शेजारणीने लिहिलं होतं, "ही मागे राहते कारण ही साका काढते. आम्हाला नुसता डोळ्याने दिसत नाही. ही देठाजवळ दाबते आणि बाजूला ठेवते. ही आहे म्हणून आम्ही भराभर कापतो. पाच. सहा असते तर सहा."

साका म्हणजे हापूसचं जुनं दुखणं. फळ वरून राजबिंडं, पण आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. तो थोडासा जरी रसात गेला तरी अख्ख्या घाण्याची चव बिघडते आणि डबे परत येतात.

फॉर्म पाठवले आणि दोनच दिवसांत पल्लवी मॅडम स्वतः हजर झाल्या. वयाने माझ्याएवढ्याच. आप्पांनी डबा पुढे केला आणि विचारायचं ते विचारलं. मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "बघून सांगते." डोक्याला टोपी, हाताला मोजे घालून त्या सुगंधाकाकींशेजारी उभ्या राहिल्या. काकींनी तासाभरात पाच आंबे बाजूला काढले.

"हे तर किती छान आहेत," मॅडम म्हणाल्या.

"कापा तुमीच," काकी म्हणाल्या.

मॅडमनी पाचही कापले. चार आतून पांढरे फटक. पाचवा केशरी, निर्मळ. काकी ओशाळल्या. "येक चुकला. ह्यो तुमी खावा."

मॅडमनी तो तिथेच उभ्याने खाल्ला, कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर. मग आप्पांनी त्यांना विहिरीकडे नेलं. किती फेऱ्या होतात ते आम्ही मोजत होतो. तीन झाल्या. तिसऱ्या फेरीत आप्पा गप्प होते आणि मॅडम बोलत होत्या. परत आल्यावर मॅडमनी लाईनसमोर उभं राहून सांगितलं, की पुढच्या हंगामाला बेचाळीसच्या बेचाळीस जणींना बोलावणं येईल. क्रेट मोजणं थांबेल असं नाही, पण साका काढणारीला क्रेटवर मोजणार नाही. आणि शेजारणीचा फॉर्म कंपनीच्या बाकीच्या कारखान्यांतही जाईल. बायकांनी सुऱ्या ताटांवर वाजवून जो गजर केला, तो ऐकून रस्त्यावरची रिक्षा थांबली. मी पुन्हा रडले, पण या वेळी सगळ्यांबरोबर.

निघताना मॅडमनी विचारलं, "सुपरवायझरचा फॉर्म राहिलाय ना?"

आप्पा म्हणाले, "माझ्या शेजारी कोण बसत नाय. मी उभाच असतो." त्यांनी ते सहज सांगितलं.

मी तो फॉर्म लाईनवर नेला. बायकांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. परत आला तेव्हा शेजारणीच्या सहीच्या जागी बेचाळीस नावं होती, समासातून मागच्या पानावर गेलेली. गुण मात्र चारच. खाली सुगंधाकाकींच्या अक्षरात लिहिलं होतं, "एक गुण कापला. आमच्यात जेवत नाहीत."

आप्पांची बायको, आमच्या वहिनी, जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आप्पा स्वतः रांधतात आणि बॉयलरच्या मागे उभ्याने जेवतात, हे आम्हाला माहीत होतं. कुणी कधी काही बोललं नव्हतं, एवढंच. त्यांनी फॉर्म वाचला, बराच वेळ वाचला. म्हणाले, "मी बसलो तर तुमी मोकळेपणान बोलणार नाय."

"तुमच्याबद्दलच बोलतो," काकी म्हणाल्या. "आता समोर बोलू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आपला डबा घेऊन जेवणाच्या खोलीच्या दारात आले आणि तिथेच घुटमळले. दोघी जणी सरकल्या. आप्पा बसले, पेला उजवीकडे ठेवला, मग उचलून डावीकडे ठेवला. आणलेला भात सुका होता, बरोबर सुकटीची चटणी. काकींनी काही न विचारता त्यावर आमटी वाढली आणि मग सगळ्या जेवायला लागल्या.