नाना धुवायला काढतात

शेजारच्या नानांकडे चहाला गेलात तर चपला हातात घेऊनच बसा. दारात काढल्या की संपलंच. तुमचा कप रिकामा होईपर्यंत नाना त्या घासून, धुऊन कुंपणावर लटकवतात. मग वाळेपर्यंत बसण्यावाचून इलाज नाही. आमच्या राजूरच्या पावसाळ्यात एका विमा एजंटाला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसावं लागलं. शेवटी त्यानं पॉलिसीचा विषय सोडला आणि नानांबरोबर शेंगा सोलत बसला.

"डाग हाय, जाईल," हा नानांचा मंत्र. हळदीला ऊन, तेलाला पीठ, गंजाला लिंबू-मीठ. आमची छकुली पहिल्यांदा अंगणात आली, तेव्हा नानांनी लगबगीनं उपरण्याचं टोक ओलं केलं आणि तिच्या गालावरची तीटच पुसून टाकली. छकुलीची आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पोरीचा गाल स्वच्छ केला, यात चुकलं काय, हे नानांना अजून कळलेलं नाही.

घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुतात. नानांचा खरा सण तोच. घरात माणूस एक आणि गोधड्या दोन, म्हणून ते अख्ख्या आळीच्या गोळा करायचे आणि मला प्रवरेवर ओढत न्यायचे.

यंदा आम्ही मोठं वॉशिंग मशीन घेतलं. आळीत तीन आधीच आली होती. नाना गोधड्या मागायला आले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत आत गोधडी फिरत असलेलं मशीन दाखवलं. त्यांनी झाकणावरचा बोटाचा डाग पुसला आणि पिळतं कोण, असं विचारलं. मशीनच पिळतं, मी म्हणालो.

"म्हंजी दुसरं टोक धराया कुनी लागत न्हाई?"

"नाही."

नाना खाली बसले. "मास्तर, वली गोधडी एकट्याला पिळत न्हाई. आदी आमची मंडळी धरायची. ती गेल्यावर तुमी आला. आता कुनाला बोलवू?"

मी मशीन बंद केलं, निथळती गोधडी ओढून अंगणात आणली आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं.

नाना खुलले. काकूंच्या गोष्टी सांगू लागले. दोघंही नखशिखांत भिजलो, पण गोधडी काही पिळून होईना. मग लक्षात आलं, मी पीळ घालतोय आणि नाना हळूच सोडताहेत.

मी तसाच पिळत राहिलो.