दात बघून आणलेली सून

“देवानं दोन गाल दिलेत, त्यातला एक भाड्यानं दिलायस काय गो?” येसूबाईंनी सुनेला विचारलं.

निशा महिनाभर भाकरी उजवीकडूनच चावत होती. डावा दात दुखतो म्हणे. येसूबाईंनी तिचं तोंड उघडून, बॅटरी मारून दोनदा पाहिलं होतं. दात तांदळासारखा पांढरा. आणि तो पांढरा असायलाच हवा होता, कारण कुडपण गावात बैल असो वा सून, येसूबाईंनी दात बघितल्याशिवाय कुणाच्या दारात येत नसे. निशालाही त्यांनीच तिच्या माहेरी, उमरठात, दात बघून पसंत केलं होतं. आता दुखणं खरं ठरलं, तर पारख खोटी ठरत होती.

नेमका शेजारचा महिपत बैल बघायला उद्या चला म्हणून सांगायला आला, आणि निशा गार पाण्याचा घोट घेऊन किंचाळली.

“सूनबाईचा दात किडला काय, काकी?”

“आमच्यात किडत नाय. नखरे हायत. डॉक्टरच्या तोंडून ऐकशील?”

“चला की. मला पण महाडला खत आणायचंय.”

अशा रीतीने घरातली गोष्ट साक्षीदारासकट महाडला पोचली.

डॉक्टरांनी आरसा लावून दात पाहिला. “वरून छान आहे.”

येसूबाईंनी महिपतकडे पाहिलं.

मग डॉक्टरांनी दातावर गार हवा सोडली. निशा खुर्चीतून वीतभर उडाली. येसूबाईंनी छताकडे पाहिलं.

एक्स-रे निघाला. पांढऱ्याशुभ्र कवचाखाली चांगलीच काळी पोकळी होती.

“दोन दातांच्या फटीतून कीड आत शिरलीय. नुसत्या डोळ्यांनी कुणालाच दिसली नसती, आजी. पण नसेपर्यंत गेलेली नाही. कीड कोरून दात भरू, वाचेल.”

“कुणालाच म्हंजे कुणालाच ना? जरा मोठ्यानं सांगा. याला कमी ऐकू येतं.”

महिपतला उत्तम ऐकू येत होतं. त्याला दोनदा ऐकावं लागलं.

दात भरून झाला. परतीच्या जीपने पोलादपूर मागे टाकलं. मग महिपतने हळूच विचारलं, “काकी, उद्याच्या बैलाचं कसं करायचं?”

येसूबाईंनी पदर सारखा केला, सुनेकडे वळल्या आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

“निशे, महिनाभर खरं बोलत व्हतीस, तर जरा जोरात बोलायचं नाय काय गो? उद्या तू पण चल. वरचं मी बघीन, आतलं तू सांग.”