एकास बाराचा उतार

"पन्नास मतांनी पाडतो त्या वर्तकला," असं इम्तियाज बागवानने शनिवारी सकाळी सात वाजता चहाच्या कपाला सांगितलं, कारण समोर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातून मेहजबीन म्हणाली, "पन्नास कशाला? एका मताने पडला तरी पडलेलाच असतो." बायकोच्या या हिशेबीपणाचाही इम्तियाजला राग आला. त्या दिवशी त्याला राग यायला सात वाजताच सुरुवात झाली होती, आणि पुढे तो काही थांबला नाही.

राग जुना होता. शहरातल्या आर्किटेक्ट लोकांचं एक मंडळ आहे आणि श्रीधर वर्तक हा त्याचा नऊ वर्षांपासूनचा अध्यक्ष. निवडून आलेला नव्हे हं, कोणी उभंच राहत नाही म्हणून बसलेला! मंडळाची इमारत येरवड्यात. बाहेरून बघाल तर बघत राहाल, अशी देखणी. फक्त आत जायचं तर सहा पायऱ्या चढाव्या लागतात आणि चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प नाही. उभ्या शहराला इमारती कशा बांधाव्यात हे शिकवणाऱ्या लोकांच्या स्वतःच्या इमारतीला साधा उतार नाही! इम्तियाजने नऊ वर्षांत अकरा अर्ज दिले. अकराही वेळा वर्तकने तेच गोड हसू हसून प्रस्ताव विचाराधीन असल्याचं सांगितलं.

तरीही इम्तियाज निवडणुकीला उभा राहिला नसता. पण गेल्या वर्षी लोणकर सरांचा सत्कार झाला. ज्ञानदेव लोणकर म्हणजे वर्तक आणि इम्तियाज, दोघांचे कॉलेजातले गुरू. वय एकोणऐंशी, दोन वर्षांपासून चाकाच्या खुर्चीवर. जीवनगौरव पुरस्कार त्यांना, आणि ते बसले खाली, फाटकापाशी, सुनेच्या गाडीत! चौघांनी खुर्ची उचलून वर न्यायची तयारी दाखवली, तर सर म्हणाले, "मी सामान नाही." मग वर सभागृहात सरांच्या कार्यावर दीड तास भाषणं झाली, आणि शाल-श्रीफळ शिपायाच्या हाती खाली पाठवण्यात आलं. शाल गाडीच्या काचेतून आत देताना इम्तियाजने पाहिली. त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं की वर्तकला खुर्चीवरून उठवायचं, आणि सरांना त्यांच्या खुर्चीसकट आत न्यायचं.

प्रचारही त्याने रागानेच केला. पत्रक नाही, जेवणावळ नाही. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तो मैदान आखायच्या फक्कीची पिशवी घेऊन मंडळाच्या आवारात गेला आणि जमिनीवर त्याने अख्खा रॅम्प आखून टाकला. जोतं तीन फुटांचं. रॅम्पला एकास बारा उतार लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. छत्तीस फूट झाले. आवार तेवढं लांब नाही, म्हणून अठरा फूट गेल्यावर वळण आणि परत अठरा फूट. कागदावर आधी काढून बघायला राग थांबतो होय! पांढरीशुभ्र रेघ मारली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

त्याची जुनी विद्यार्थिनी स्पृहा प्रचाराचं काम बघत होती. आता खराडीत तिचं स्वतःचं ऑफिस आहे, म्हणजे मुलगी काही कच्ची नाही. तिने रेघ बघितली, आवार बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, पण उद्या गाड्या कुठे लावायच्या?"

झालं! पुण्यात माणसाला तुम्ही देश, धर्म, बायको काहीही विचारा, तो विचार करून उत्तर देईल. पार्किंगचं विचाराल तर भडकतो. इम्तियाजने तिला पंधरा मिनिटं सुनावलं. गाडी मोठी की माणूस मोठा, एवढंच शिकवलं का मी, वगैरे वगैरे. आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून सकाळी आठ वाजता त्याने आपल्या पाठीराख्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "फक्कीच्या आत कोणीही गाडी लावायची नाही. जो लावेल त्याचं मत मला नको."

असा मेसेज टाकणारा उमेदवार तुम्ही कधी पाहिलात का? मी नाही.

दहा वाजता मतदान सुरू झालं. वर्तकची माणसं आली ती थेट आवारात घुसली आणि फक्कीवरच गाड्या लावून वर गेली. खुद्द वर्तकची लांबलचक पांढरी गाडी बरोबर वळणाच्या शेवटच्या रेघेवर उभी राहिली. इम्तियाज पायऱ्यांवरून हे बघत होता आणि त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती. निवडणूक अधिकारी म्हणून नम्रता नावाच्या एक वकीलबाई नेमल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे तक्रार केली. आवारात गाडी लावणं हा आचारसंहितेचा भंग नाही, असं त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं आणि पुन्हा यादीत डोकं घातलं.

इम्तियाजची माणसं शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस उरकून साडेतीनला आली. बावीस दुचाक्या, एकजात सगळे त्याचे विद्यार्थी. कोणी हिंजवडीहून दीड तास धूळ खात आलेलं, कोणी साइटवरून तसंच सिमेंटच्या बुटांनी. आवारात अजून आठ-दहा गाड्या सहज मावल्या असत्या. पण या मुलांनी पाच वर्षं इम्तियाजच्या वर्गात काढली होती. सरांच्या ड्रॉइंगवर चहाचा कप ठेवला म्हणून एकाचं वर्ष वाया गेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी रेघेकडे बघितलं, आणि बावीसच्या बावीस गाड्या रस्त्यावर, फाटकाबाहेरच्या नो पार्किंगच्या पाटीखाली शिस्तीत लावल्या. अंतरं सुद्धा सारखी ठेवली.

चार वाजता वाहतूक पोलिसांचे दोन टेम्पो आले. अशी सुबक रांग त्यांना रोज कुठे मिळते! वर सभागृहात बावीस मतदार रांगेत उभे, आणि खाली बावीस गाड्या टेम्पोत चढत होत्या. कोणीतरी खिडकीतून बघितलं. पुढे काय झालं ते इम्तियाजला नीट आठवत नाही. त्याला आठवतात त्या फक्त पाठी. त्याची सगळी मतं सहा पायऱ्या उतरून, फाटकातून बाहेर पडून टेम्पोच्या मागे धावत होती.

"अरे, मत देऊन जा!" तो ओरडला. एकजण धावता धावता म्हणाला, "सर, लॅपटॉप आहे डिकीत."

चौकी लांब, तिथे रांग, पावती, दंड. इम्तियाजने नम्रताबाईंपुढे अक्षरशः हात जोडले. अर्धा तास वाढवून द्या म्हणाला. त्यांनी घड्याळ दाखवलं. पाचच्या ठोक्याला पेटी सील झाली. सव्वापाचला स्पृहा बावीसजणांना घेऊन घामाघूम परत आली तेव्हा आत मोजणी सुरू झालेली होती.

वर्तक एकशे एकतीस, बागवान एकशे चौदा. सतरा मतांनी पडला!

मग इम्तियाजचा स्फोट झाला. त्याने वर्तकला शिव्या दिल्या, टेम्पोवाल्यांना दिल्या, वकीलबाईंना दिल्या. स्पृहाला म्हणाला, तुला आधी सुचायला नको का पार्किंगचं? स्पृहाने फोन उघडून त्याचाच सकाळचा मेसेज त्याच्यासमोर धरला. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. तो तरातरा पायऱ्या उतरून खाली आला.

आवार रिकामं झालं होतं. वर्तकची गाडी तेवढी उरलेली. आणि फक्कीच्या दोन रेघांमधून एक चाकाची खुर्ची चालली होती. खुर्चीत लोणकर सर, मागे मेहजबीन. निकाल ऐकायला ती निघाली होती, तेव्हा सरांनीच फोन करून मला पण घेऊन चल म्हणून सांगितलं होतं. इम्तियाजला वाटलं, हरलो, पण रेघ तरी सरांनी पाहिली. तो जवळ गेला आणि म्हणाला, "सर, माफ करा. नाही जमलं."

सर त्याच्याकडे बघतच नव्हते. ते वर्तकच्या गाडीच्या अलीकडे, वळणापाशी थांबले होते आणि खुर्ची एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून बघत होते. दोन्ही वेळा चाक रेघेबाहेर गेलं.

"इम्तियाज, हे वळणावरचं लँडिंग किती धरलंस?"

"तीन फूट, सर."

"खुर्ची वळायला पाच लागतात. हा बांधला असतास तर मी इथे अडकलो असतो. वरही नाही आणि खालीही नाही." सरांनी ब्रेक लावला. "रागात रेघ सरळ येते. माप येत नाही. पुसून टाक आणि परत काढ."

एवढ्यात गळ्यात हार घातलेला वर्तक पायऱ्या उतरून आला, सरांना बघून थबकला आणि वाकून नमस्कार करायला पुढे झाला. सरांनी त्याला मध्येच थांबवलं आणि खिशातून मोजायची टेप काढली.

"श्रीधर, बरा सापडलास. नमस्कार राहू दे, टेपचं दुसरं टोक धर. तू अध्यक्ष आहेस, आता हा तुलाच बांधायचा आहे. आणि आधी ती गाडी काढ, लँडिंग तिच्या खाली जाणार आहे."

वर्तकने हार काढला, किल्ली काढली आणि निमूट गाडी काढायला गेला. नऊ वर्षं आणि अकरा अर्ज! इम्तियाजला मनापासून, भयंकर राग आला. पण तो नक्की कोणावर काढायचा हे काही केल्या ठरेना, म्हणून त्याने खाली बसून मुकाट्याने टेपचं शून्याचं टोक धरलं.