नूरुद्दीनच्या कॉम्प्युटरवरच्या दोन पट्ट्या

इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसालाही कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम घालता येईल अशी सोय करून दाखवतो, असं मी सौदीत, दम्मामच्या आमच्या कामगार कॅम्पात छाती ठोकून सांगितलं. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं!

नूरुद्दीन हा माझा रूममेट, गुहागरकडचा वेल्डर. त्याचा कॉम्प्युटर व्हायरसने पार पोखरला होता. त्यातच त्याच्या लेकीची, दुआची, पहिलं पाऊल टाकतानाची फिल्म होती. पोरीला त्याने अजून प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. सुट्टीला आठ महिने बाकी. रोज जेवणाआधी तो ती फिल्म बघायचा आणि आम्हालाही बघायला लावायचा.

सिस्टीम घालताना एका स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन बटणं येतात. एक जुनं ठेवून पुढे जायचं, दुसरं सगळं पुसायचं. त्यांच्यावरचं इंग्रजी वाचून वकीलसुद्धा गोंधळेल. म्हणून मी मॉनिटरच्या काचेवर, बरोब्बर त्या बटणांवर, मराठी पट्ट्या चिकटवल्या. डावीकडे ‘जुनं ठेवा’, उजवीकडे ‘सगळं पुसा’. दोन तास शब्द निवडत होतो! स्वतःच्या लग्नपत्रिकेलाही एवढा विचार केला नव्हता. ‘पट्टी वाच आणि दाब’ असं नूरुद्दीनला सांगून मी शुक्रवारच्या ओव्हरटाइमला गेलो.

परत आलो तर कॉम्प्युटर नवाकोरा. आत काहीही नाही, आणि सगळीकडे अरबी!

नूरुद्दीनने सांगितलं, सुरुवातीलाच भाषा विचारली. इंग्रजी येत नाही. अरबीचा अर्थ कळत नाही, पण अक्षरं लहानपणी मदरशात गिरवलेली, ओळखीची वाटली. म्हणून अरबी निवडली.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. अरबी उजवीकडून डावीकडे! भाषेबरोबर अख्खी स्क्रीन उलटी फिरली, बटणांनी जागा बदलल्या, आणि माझ्या पट्ट्या काचेला इमानाने चिकटून राहिल्या. भाषेच्या प्रश्नावर पट्टी लावायचं मला सुचलंच नव्हतं.

“मी ‘जुनं ठेवा’च दाबलं रे, विश्वनाथ,” तो म्हणाला. “दोनदा वाचून दाबलं.”

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो जेवला नाही. गावी फोन केला, तर ती फिल्म काढणाऱ्या शूटिंगवाल्याने आपली प्रत केव्हाच पुसलेली.

महिन्याने त्याच्या बायकोने, साबिराने, गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर नव्या फिल्मची सीडी पाठवली. तिच्यात दुआ अंगणभर तुरुतुरु पळत होती. पहिलं पाऊल गेलं ते गेलंच. नूरुद्दीन डोळे पुसत बघत राहिला. मी हळूच सीडी हातात घेतली. तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘विश्वनाथभाऊंच्या हाती देऊ नये.’

इतकं स्पष्ट लेबल मला दोन तासांत सुचलं नव्हतं.