ओट्याखालचे आठ पल्ले

वच्छलाबाईंनी तुरीच्या डाळीचा डबा काढायला ओट्याखालच्या कपाटाचं तिसरं दार ओढलं, तर डबा आतच राहिला आणि दार हातात आलं. सोबत एक वाकडी बिजागरी आली आणि पायावर मूठभर लाकडाचा भुसा पडला. त्यांनी ते दार तसंच उचललं, बाहेरच्या खोलीत नेलं आणि पेपर वाचत बसलेल्या नवऱ्यापुढे धाडकन उभं केलं.

“घ्या. आता हे वाचा.”

गुणवंत गुरुजींनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. दारव्ह्याच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले होते. समोर काहीही आलं, की आधी त्याचं निरीक्षण करायचं, ही सवय मात्र निवृत्त झाली नव्हती.

“बिजागरी गेली,” ते म्हणाले.

“बिजागरी नाई, कपाट गेलं! अकरा वर्सापासून सांगून राह्यली मी, हे कपाटं बदला म्हणून.”

“अवं, सागवान हाय थे. रंग मारला का नवं दिसते.”

“मले दिसाले नाई पाह्यजे, उघडाले पाह्यजे!”

वच्छलाबाईंचंही खरंच होतं. दर दोन-तीन वर्षांनी गुरुजी त्या आठ दारांवर ऑइलपेंटचा नवा हात मारून घेत. खालचा रंग खरवडायचा वेळ कुणाला नसे. रंगावर रंग चढून दारं अशी जाडजूड झाली होती, की दोन दारं गुडघ्यानं लोटावी लागत आणि सिंकखालचं दार सांडशी अडकवल्याशिवाय उघडत नसे. घरातला टीव्ही गुरुजींनी आणला होता, सोफा गुरुजींनी निवडला होता, आणि त्याबद्दल वच्छलाबाईंनी कधी चकार शब्द काढला नव्हता. पण ओट्यापुढे तीस वर्षं एकटं माणूस उभं राहतं, आणि ओट्याखाली काय असावं हे त्याच माणसाला कुणी विचारत नाही, याचा त्यांना आता संताप आला होता. या खेपेला स्वयंपाकघरात आपला शब्द चालला पाहिजे, एवढंच त्यांनी मनाशी पक्कं केलं.

त्यांनी स्वतःच शेजारच्या बोरी अरब गावच्या मन्सूर मिस्त्रीला फोन लावला. मन्सूर दुसऱ्याच दिवशी आला. त्यानं कपाटाच्या कडेला पटाशी टोचली, नाक मुरडलं आणि म्हणाला, “काकू, बदलाच लागते. बिजागऱ्या धरतच नाई आता. किती दिवस ढकलसान?”

“हे जरा बाहेर येऊन सांग बाप्पा त्याहिले.”

मन्सूर बाहेर आला. गुरुजींना पाहताच त्यानं कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. तो सातवीत गुरुजींच्या वर्गात होता.

“मन्सूर, लाकूड कोणतं हाय?”

“सागवान, गुरुजी.”

“मंग सागवान फेकून प्लाय लावणं शहाणपणाचं हाय काय?”

मन्सूरनं आधी काकूंकडे आणि मग जमिनीकडे पाहिलं. “तुमी म्हणता थे बराबर हाय, गुरुजी.”

वच्छलाबाईंनी त्याला दिलेला चहा अर्ध्यातच उचलून नेला.

संध्याकाळी गुरुजींनी आपल्या बाजूनं धम्मरत्न पेंटरला बोलावलं; तोही त्यांचाच जुना विद्यार्थी. धम्मरत्ननं दारावर नख ओढलं. रंगाची जाड पापडी निघून खाली पडली. तो हळू आवाजात म्हणाला, “काकू, याच्यावर आता रंग धरत नाई. मारला तरी सहा महिन्यात फुगते.”

“धम्मरत्न,” बाहेरून आवाज आला, “रंग टिकन ना रे?”

“टिकते ना गुरुजी! कायले नाई टिकत?”

वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. “चौतीस वर्सं काय शिकोलं जी तुमी पोरायले? एकाले तरी खरं बोलता येते काय तुमच्यापुढं?”

“चिडू नोको. आपण दोघायलेही न्याय देऊ.”

“मले न्याय नोको. कपाट पाह्यजे!”

पण गुरुजींचा न्याय ठरला होता. चार दारं धम्मरत्ननं रंगवायची, चार मन्सूरनं नवी करायची. मग दोन्ही बाजू-बाजूला लावायची, पंधरा दिवस वापरायची आणि मगच निकाल. वच्छलाबाईंचं मत त्यांनी निकालानंतर विचारायचं ठरवलं होतं.

आठही दारं उतरवली गेली. ही कपाटं जुन्या मिस्त्रीनं नजरेच्या अंदाजानं बसवलेली. एक खण अंगठाभर जास्त रुंद, दुसरा बोटभर अरुंद, आणि प्रत्येक दार आपापल्या खणाला तासून तासून बसवलेलं. कोणतं दार कुठलं हे कळायलाच हवं होतं. गुरुजी म्हणाले, त्यात काय, क्रमांक घालू. त्यांनी देव्हाऱ्याजवळच्या डब्यातून खडू काढला आणि प्रत्येक दारावर सुरेख, गोलाई असलेल्या अक्षरात एक ते आठ आकडे काढले. आकडे इतके देखणे होते, की धम्मरत्ननं मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. त्या फोटोत मात्र फक्त आठाचा आकडा आला.

धम्मरत्ननं त्याच्याकडची चार दारं पॉलिश पेपरनं घासून पार लाकडापर्यंत आणली. मन्सूरनं उरलेली चार मापासाठी जिपेच्या टपावर बांधून बोरी अरबला नेली. वाटेत धूळ, वारा आणि दोरीचा घासा. खडूनं लिहिलेलं पुसता येतं म्हणूनच शाळेत खडू वापरतात, हे गुरुजींना त्या वेळी सुचलं नाही. मन्सूरला चारही दारं सारखीच दिसली. त्यानं एकाचं माप घेतलं आणि मशिनीवर चार नवी दारं अगदी एकसारखी कापली.

आठव्या दिवशी सगळे पल्ले, म्हणजे चार नवी आणि चार रंगवलेली दारं, स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकले. एक नवा पल्ला सोडला, तर आठांपैकी एकही कुठल्या खणात बसेना. बाकीचे नवे पल्ले दोन ठिकाणी सैल, तर एका ठिकाणी आत शिरायलाच तयार नव्हते. रंगवलेल्यांतला एक अर्धा बसला आणि तिथंच अडकला. धम्मरत्ननं तो ओढून काढला, तेव्हा ओल्या रंगावर त्याची पाचही बोटं उमटली.

“आकडे कुठं हायत?” गुरुजींनी विचारलं.

धम्मरत्ननं मोबाइल काढून आठाचा आकडा दाखवला.

“घाबराचं काम नाई,” गुरुजी म्हणाले. “चार पल्ले, चार खण. पह्यला पल्ला चार ठिकाणी लागू शकते, दुसरा तीन ठिकाणी. म्हणजे एकूण चोवीस प्रकारं. क्रमानं करून पाहू.” आणि त्यांनी वही उघडली.

“तुमी चोवीस प्रकारं करा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “माह्यी आज पुरणाची डाळ शिजत होती, थ्यात तुमचा रंगाचा भुसा पडला. मी चालली अंगणात. आज मले कोणी आवाज देऊ नोका.”

त्या निंबाखालच्या बाजेवर जाऊन बसल्या. गेले आठ दिवस त्यांच्या डोक्यात नुसती आग होती. उघड्या कपाटांतलं सगळं जगाला दिसत होतं. दळण घेऊन आलेली बाईसुद्धा “काहून हो वच्छलाबाई, चोरी झाली काय?” असं विचारून गेली होती. पहिल्या दिवशी त्यांनी जुनी साडी फाडून पडदा लावला, दुसऱ्या दिवशी रागानं तोही ओढून काढला.

आतून गुरुजींचा आवाज आला. “अवं, या पोरायले चहा लागते. साखर कुठं हाय?”

वच्छलाबाई उठल्या नाहीत. “समोर पाहा.”

डब्याचं झाकण वाजलं. गुरुजींना साखर सापडली होती. साखरेशेजारी चहापत्ती होती, तिच्याशेजारी गाळणी. तीस वर्षं बंद दारांमागे असलेलं सगळं त्यांच्या नजरेसमोर ओळीनं मांडलेलं होतं. ‘मले काय माहीत कुठं ठेवते तू’ असं म्हणायला कसलीच सोय उरली नव्हती. अर्ध्या तासानं गुरुजी स्वतः कप घेऊन अंगणात आले. चहा जरा जास्तच गोड होता. वच्छलाबाईंनी तो एका घोटात संपवला आणि कप परत दिला.

दुपारी त्यांनी बाजेवरूनच सांगितलं, “भूक लागली असन, तर पोहे दुसऱ्या खणात हायत. शेंगदाणे थ्याच्याच मांगं.”

संध्याकाळी, “तांदूळ डाव्या बाजूले. दोन वाट्या घ्या, धुऊन घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्सूर रंधा घेऊन आला, तेव्हा गुरुजी दारातच उभे होते. खांद्यावर फडकं, कपाळावर पिठाचा पट्टा.

“मन्सूर, आजच्या आज पल्ले लाव,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“कोणते गुरुजी? नवे का रंगाचे?”

“कोणतेही लाव! प्लायचे लाव, पत्र्याचे लाव. पण घट्ट बसले पाह्यजे. कुलूप लावता आलं तर अजून बरं!”

“पण निकाल?”

“निकाल लागला. वच्छला बराबर होती. सगळे नवे कर!”

वच्छलाबाई आतून आल्या. गेली अकरा वर्षं त्यांना हवं असलेलं वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं. त्यांनी एकदा उघड्या कपाटांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या खांद्यावरच्या फडक्याकडे, आणि राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नाही.

“मन्सूर, ओट्याले पल्ले लावाचे नाईत,” त्या म्हणाल्या. “जसं हाय तसंच राहू दे. मले सगळं हाताशी येते.”

“अवं पण—”

“माह्या स्वयंपाकघरात काय राह्यन थे मी सांगीन. आन हे नवे पल्ले वाया जाऊ देऊ नोको. थ्याचं एक मजबूत स्टूल बनव.”

“स्टूल कायले काकू?”

“बेसन वरच्या फळीवर हाय. तुह्या गुरुजीचा हात तथपर्यंत पुरत नाई, आन आज मले भजे खावाचे हायत.”

मन्सूरनं कानामागची पेन्सिल काढली, टेप उघडला, आणि गुरुजींना भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहायला सांगितलं.